पोत्यात गुंडाळलेली मुनीमबाई

मागच्या रविवारी कळंबला माहेरी होते. दुपारी अण्णांचा डबा घेऊन दुकानात गेले आणि तिथून थेट लातूर गाठायची वेळ आली...

अण्णा म्हणजे माझे वडील. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं आडत दुकान आहे, मागं गोदाम. आणि गोदामाची खरी मालकीण एक पांढरी-तपकिरी मांजर. दिवसभर गादीवर अण्णांच्या शेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डोळे वटारायची, म्हणून हमालांनी तिचं नाव मुनीमबाई ठेवलेलं. अण्णा म्हणायचे, "उंदरासाठी ठेवलीय, लाडासाठी न्हाय." पण डब्यातली दुधाची साय आधी तिच्यापुढं जायची, मग अण्णा जेवायचे.

रविवारी बाजार बंद, म्हणून सकाळीच हरभऱ्याला गोळ्या लावल्या होत्या. भुंगा लागू नये म्हणून पोत्यांच्या थप्पीत या गोळ्या ठेवतात, वरून ताडपत्री टाकून कडा दाबून टाकतात. गोळीतून विषारी वायू निघतो आणि कीड मरते. हे मी लहानपणापासून बघत आलेय... त्यात विशेष काही वाटतच नाही आता.

मुनीमबाई थप्पीत झोपली आहे का, हे मात्र कुणी बघितलं नाही.

मी डबा ठेवला तोच आमचे जुने हमाल दस्तगीर चाचा गोदामातून आले. म्हणाले, "ताई, ताडपत्रीखालून आवाज यायलाय बघा." त्यांनी कड उचलली आणि ती लडखडत बाहेर आली. तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, लाळ गळत होती. मांजराला असं कुत्र्यासारखं धापा टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. सुट्टी असूनही उचलला त्यांनी. म्हणाले, "माझ्याकडं मांजराला ऑक्सिजन लावायची सोय नाही. लातूरला न्या. आणि हे बघा..." ते पुढं काहीतरी सांगत होते, पण मी घाईत फोन ठेवून दिला. ते काय सांगणार होते, हे आता मला कळतंय.

अण्णांनी ताडपत्रीच्या कडेखाली दाबलेलं एक रिकामं पोतं ओढलं आणि तिला गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळलं. "लई वरबाडती ती, उघडी न्यायची न्हाय." ते मागच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसले. ती उडी मारेल म्हणून मी गाडीच्या काचा वर केल्या, एसी लावला आणि गाडी सोडली.

रस्ताभर अण्णा तिच्याशी बोलत होते. आमच्याशी आयुष्यात इतकं बोलले नसतील. "आलंच बघ लातूर, आलंच..." वाटेतलं मुरूड गाव मागं पडल्यावर ते गप्प झाले. म्हणाले, "मळमळ व्हायलीय गं, डोकंबी धरलंय." मला वाटलं, उपाशीपोटी निघालेत, त्याचंच असेल. मी त्यांना पर्समधली लिंबाची गोळी दिली. दुकानाचा तो ओळखीचा वास गाडीत भरला होता, पण तो वास आमच्या कपड्यांना नेहमीच असतो... म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

लातूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आम्ही दारात पोचलो आणि वास येताच त्या लांबूनच म्हणाल्या, "आधी ते पोतं काढा. बाहेर टाका."

पोतं कुठलं होतं, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "गाडीच्या काचा उघड्या होत्या?" मी नाही म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. काम करता करताच त्यांनी समजावून सांगितलं, की तो वायू पोत्यात, तिच्या केसांत होता आणि रस्ताभर ती तोच हुंगत आली. या विषाला उतारा नाही. मोकळी हवा, ऑक्सिजन, सलाइन आणि वाट बघणं, एवढंच हातात असतं. त्यांनी तिला काचेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन सुरू केला आणि मळमळही त्याच वायूची असणार म्हणून अण्णांना शेजारच्या दवाखान्यात तपासून यायला पिटाळलं.

मध्ये एकदा तिनं मान उचलली. अण्णा परत आले होते, त्यांच्याकडं बघितलंही. मला वाटलं, जिंकलो... पण संध्याकाळच्या आत ती गेली.

अण्णा बराच वेळ त्या पेटीजवळ उभे होते. मग एवढंच म्हणाले, "म्याच घट्ट आवळलं तिला." मी म्हणाले, काचा मी बंद केल्या होत्या, अण्णा. येताना गाडी तापली होती तरी एसी लावायचं धाडस माझं झालं नाही.

काल चाचांचा फोन आला होता. सांगत होते, परवा तुरीला गोळ्या लावायच्या होत्या, तर अण्णांनी ताडपत्री टाकू दिली नाही. आधी थप्पीभोवती फिरले, प्रत्येक फटीत वाकून बघितलं, "मुनीमबाई, ये बाहेर" अशा हाका मारल्या. दुकानात आता मांजर नाही, हे त्यांनाही माहीत आहे...

त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. मांजरासोबत त्यांनी माझ्या वडिलांकडंही बघितलं. तुमच्याकडं धान्य असेल, गोळ्या लावत असाल, घरात मांजर-कुत्रं असेल, तर एवढं लक्षात ठेवा... असं झालंच तर आधी मोकळ्यावर न्या, तिथलं काहीही अंगावर गुंडाळू नका, आणि डॉक्टरांचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या.

दवाखाना लांब होता, हे खरं आहे. पण मोकळी हवा तर दुकानाच्या दारातच होती.