एकतीस नंबरच्या खाटेचा केसपेपर

माणसाचं भविष्य आधीच लिहून ठेवलेलं असतं, असं थोर मंडळी सांगत आली आहेत. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. एक तर स्वभाव तसा... आणि दुसरं म्हणजे आमच्या रुग्णालयात ते लिहिण्याचं काम माझ्याकडेच होतं.

नामांतराच्या वर्षांतली गोष्ट, त्यातल्याही शेवटच्या दोन-तीन वर्षांतली. परभणी जिल्ह्यात, मानवतच्या अलीकडच्या एका गावात — नाव लिहीत नाही, संस्थेची मंडळी अजून निवडणुका लढवतात — जुन्या जिनिंगच्या गोदामात एक आयुर्वेद कॉलेज आणि त्याचं चाळीस खाटांचं रुग्णालय होतं. पत्र्याचं छप्पर, भिंतींना मुरलेला सरकीचा वास, आणि मी तिथला क्लार्क. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटून निघाला होता. आमचे वडील रोज संध्याकाळी विचारायचे, "झालं का नाव?" संस्थेला मात्र विद्यापीठ कुठल्याही नावाने चाललं असतं, संलग्नता मिळाल्याशी कारण.

संलग्नतेसाठी वर्षातून एकदा समिती यायची आणि तिला खाटा भरलेल्या दिसाव्या लागायच्या. एरवी लोक काढ्याची बाटली घेऊन घरी जायचे, आडवं कुणी पडत नसे. म्हणून आदल्या आठवड्यात मी पाठ्यपुस्तक पुढ्यात घेऊन चाळीस केसपेपर लिहायचो. नाव, गाव, आजार, उपचार, रोजची प्रगती... सगळं. समितीच्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांच्या गावाहून ट्रॅक्टर भरून माणसं यायची, पोहे खायची आणि खाटांवर पडायची.

"सायेब, औंदा मला काय झालंय?" मारोतीमामांनी पांघरूण घेत विचारलं.

"मुतखडा."

"अन् ह्याला?"

"संधिवात."

"दरसाल ह्यालाच हलकं देता तुमी."

त्या वर्षी ट्रॅक्टरमध्ये एक माणूस कमी भरला आणि एकतीस नंबर रिकामी राहिली. तिथला केसपेपर असा होता — राधाबाई किसन, राहणार चुडावा, वय चाळीस, अपेंडिक्सला सूज. उपचाराचा तिसरा दिवस, ताप उतरला, दुखणं कमी. चुडावा मला रेल्वेच्या वेळापत्रकावरून सुचलं होतं. त्या स्टेशनवर मी कधी उतरलेलो नव्हतो.

सकाळी साडेदहाला समितीची गाडी फाटकात शिरली. त्याच वेळी एक बाई पोट धरून, नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकत आत आली. सिस्टरला वाटलं, ट्रॅक्टरमधलं राहिलेलं माणूस आलं. तिने तिला एकतीसवर निजवलं. मी नेहमीप्रमाणे पढवायला गेलो.

"नाव विचारलं तर राधाबाई सांगायचं."

"राधाबाईच हाय मी."

"नवऱ्याचं नाव किसन."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. "तुमाला कुणी सांगितलं?"

मी गाव विचारलं. चुडावा. इथे बहिणीकडे आली होती. काय होतंय म्हटल्यावर बाई म्हणाली, "रातीपासून लय दुखायलंय. आदी बेंबीपाशी व्हतं, आता इकडं उतरलंय." हात उजव्या कुशीवर होता. पुस्तकातही हाच क्रम होता. वय विचारलं तर म्हणाली, "तुमीच लिवा."

समितीत तिघे होते. त्यातले एक नांदेडच्या सरकारी वैद्यकीय कॉलेजातले सर्जन. पहिल्या तीस खाटा त्यांनी गळ्यातल्या हारासकट उरकल्या. एकतीसपाशी थांबले, पोट दाबलं, हात सोडला. बाई कळवळली. त्यांनी केसपेपर वाचला, पुन्हा दाबलं.

"तिसरा दिवस... आराम पडतोय असं दिसतं. मग औषधं चालू ठेवून थांबायला हवं," ते स्वतःशीच म्हणाले. "पण हिला एवढं का दुखतंय?"

"भित्री आहे, सर," प्राचार्य म्हणाले. "पुढच्या खाटेवर मुतखडा आहे."

कागद खरा धरला तर बाई तशीच पडून राहणार होती. खोटा धरला तर संस्था आणि माझी नोकरी. घरात कमावणारा मी एकटा.

"सर, हा कागद मी गेल्या सोमवारी लिहिला," मी म्हणालो. "बाई आत्ता आली. औषधाचा थेंबही तिला मिळालेला नाही."

"हे क्लार्क आहेत, सर," प्राचार्य म्हणाले. "यांना यातलं काही कळत नाही."

"गेल्या सोमवारी लिहिला?" सर्जन माझ्याकडे वळले. "मग हिचं नाव कसं आलं त्यात?"

"ते खरंच मला कळत नाही."

त्यांनी हार काढून खाटेच्या दांडीला अडकवला आणि समितीच्याच गाडीतून बाईला नांदेडला नेलं. ऑपरेशन त्याच दुपारी झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, असा निरोप आला. बाई वाचली. उरलेले दोघे गाडीची वाट पाहत संध्याकाळपर्यंत आमच्याकडे जेवत होते.

मला 'कारणे दाखवा' नोटीस आली. मी खरं कारण लिहिलं, ते कुणाला पटलं नाही. पुढे कितीदा तरी हिशेब मांडून पाहिला. राधाबाया खूप, किसनही खूप, अपेंडिक्सही कुणालाही होतं. पण हे तिन्ही, त्यातही चुडाव्याचे, नेमक्या त्याच खाटेवर... उत्तर येत नाही. आता शोधायचा कंटाळाही येतो.

समितीचा अहवाल दोन महिन्यांनी आला. खाटा चाळीस, प्रत्यक्ष रुग्ण एक. संलग्नता पुढे चालू ठेवण्यात आली.