कोपऱ्यांची नावं

बहरीनमधल्या आमच्या ऑफिसच्या व्हॅनचा ड्रायव्हर रत्नागिरीकडचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जागांची नावं मात्र त्याच्याकडूनच शिकलो. "अरबीत मनामा म्हणजे झोपायची जागा," असं तो आमच्या शहराच्या नावाबद्दल स्टिअरिंगवर बोटं वाजवत सांगायचा. मला रागच यायचा. माझा व्हिसा रिन्यू व्हायचा अडकला होता आणि महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

उम्म अल हस्सम या आमच्या वस्तीत तो आम्हाला जिथून घ्यायचा, त्या जागांना त्यानं स्वतःच नावं दिली होती. परेराचं वळण, मुल्लाजींचा जिना. ती माणसं केव्हाच गावी परतली होती.

"माणूस हाय तोवर बिल्डिंगचा नंबर पुरतो," तो म्हणायचा. "गेला की नाव देतो. नायतर त्याला इथं कोण आठवणार?"

परवा सकाळी मी व्हॅनमध्ये चढलो, तेव्हा तो फोनवर ऑफिसातल्या कुणा नव्या माणसाला सांगत होता, "एक तारखेपासून साडेसहाला कदमांच्या कोपऱ्यावर उभे राहा."

कदम मीच. मला ऑफिसनं अजून काहीच कळवलं नव्हतं.

आरशात आमची नजरानजर झाली. त्यानं फोन ठेवला. स्टिअरिंगवरची बोटं पहिल्यांदाच गप्प होती.