ठेकेदाराचा बाक

“मॅडम, आज गाडीला हात लावनार न्हाय,” असं म्हणून भगवान डॉकवरच मांडी ठोकून बसला. त्याच्यामागे हमालांची सगळी गँग बसली. डॉक म्हणजे गोडाऊनचा ओटा, जिथे ट्रक पाठ लावतो. ओट्याला वॉशिंग मशीनने भरलेला कंटेनर लागलेला, आणि मी वडपे गावातल्या त्या गोडाऊनची शिफ्ट इन-चार्ज. डोकं असं तापलं माझं!

“का रे बाबा? झालं काय?”

“काल एक मशीन फुटकीच आली व्हती. नाव आमचं लागलं. काका न्हाय, तर आमच्या बाजूनं बोलनार कोन?”

काका म्हणजे माझे सख्खे काका, लेबरचे ठेकेदार. आमच्याकडे रीतच आहे, ज्याच्या जमिनीवर गोडाऊन उभं राहतं, हमालीचा ठेका त्याच्या घरात. माणसं आणायची, सांभाळायची आणि त्यांच्यासाठी कंपनीशी भांडायचं, हे ठेकेदाराचं काम. आमची भातशेती त्या पत्र्यांखाली गेली. काकांनी ठेका घेतला, मी शिकून नोकरी धरली. आता काका गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडले होते.

कशीबशी समजूत काढून ती गाडी खाली करून घेतली. तेवढ्यात मॅनेजर सावंत सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

“सोमवारपर्यंत डॉकवर ठेकेदार हवा. नाहीतर बाहेरची एजन्सी येईल, स्वतःची माणसं घेऊन.”

“आणि आमची गँग?”

“त्याला मी काय करू, मॅडम?”

म्हणजे सगळे घरी. ड्युटी संपल्यावर तडक काकांकडे गेले.

“तू घे ठेका,” काका पलंगावरूनच म्हणाले.

“अहो, परमनंट नोकरी आहे माझी! प्रमोशन तोंडावर आलंय.”

“मंग ऱ्हा मॅनेजर. एजन्सीची मानसं मोजत बस.”

झोंबलं. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू? नोकरीत आजारी पडलं तरी पगार येतो. ठेक्यात काम थांबलं की माणसं आपल्या दारात. पण भगवानच्या गँगला मीच गेटवरून परत पाठवतेय, हे काही डोळ्यांसमोर आणवेना. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “ओढाताण होईल. तरी कर.” ठरलं.

दुसऱ्या दिवशी सावंत सर म्हणाले, “नोकरी आणि ठेका, दोन्ही नाही चालणार.”

“म्हणून तर राजीनामा आणलाय.”

“वेडेपणा करताय.”

“करू द्या सर.”

सोमवारी ऐटीत गेटवर पोचले. वॉचमन पांडेजी आडवे आले. “मॅडम, ठेकेदार गेट-पास आने तक बाहर बैठेगा.”

“अरे पांडेजी, मुझे पहचानते नहीं?”

“पहचानते हैं. ऑर्डर आप ही का है.”

खरंच की! काका सारखे केबिनमध्ये येऊन वाद घालायचे, म्हणून हा नियम मीच काढला होता. गेटबाहेरच्या ज्या लोखंडी बाकावर काका पासची वाट बघत बसायचे, त्याच बाकावर बसले. भगवानची गँगही आत जाईना, बाकाशेजारी उभी राहिली. आत कंटेनर खोळंबला, तेव्हा सावंत सर स्वतः पास घेऊन बाहेर आले.

कंटेनर उघडला. मी म्हटलं, “थांबा. आधी कंपनीचा माणूस आणि ड्रायव्हर खोके बघतील. फुटकं आधी बाजूला, मग माझी माणसं हात लावतील.” दोन खोके चेपलेले निघाले. आमच्या नावावर एकही लागला नाही. जेवायच्या सुट्टीआधी गाडी मोकळी झाली.

धंद्यात आपणच आपले मालक, असं लोक सांगतात. नोकरीत माझा एक साहेब होता. आता सावंत सर, पांडेजी आणि भगवान, तिघांचं ऐकावं लागतं.

संध्याकाळी काकांना भेटले. त्यांनी पहिलं हेच विचारलं, “बाक कसा हाय?”

“कडक आहे हो.”

“मंग? उद्या जातेस?”

“जाते. जरा लवकरच जाते.”