डावा कान आणि अंदमान

पाण्याखाली श्वास घ्यायला आम्ही नवरा-बायको चाळिशी उलटल्यावर शिकलो. मी भंडाऱ्यात सरकारी कार्यालयात, हे लाखांदूरला शाळेत शिक्षक. शनिवारी एसटीनं घरी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला चार दिवसांचा स्कूबाचा कोर्स केला आणि आपापल्या फोटोचं एकेक कार्ड घेऊन आलो. अठरा मीटरपर्यंत, जोडीदारासोबत, उतरायची परवानगी. मी ते कार्ड कार्यालयात दाखवलं, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "याच्यावर प्रमोशन भेटते काय?"

कार्ड हातात आलं आणि मला अंदमानचे वेध लागले. मे महिन्याचा पहिला आठवडा ठरला. यांच्या शाळेला सुट्टी आणि तिकडचा पाऊस यांच्यामधली जागा तेवढीच होती. दर शनिवारी जेवण झालं की हे शंभर पानी वही उघडायचे. शाळेचं वेळापत्रक आखावं तशा पट्टीनं रेघा मारून त्यात बोटीच्या वेळा, बुडीच्या जागा, विमानं. बुडीनंतर लगेच उडणं शरीराला धोक्याचं, म्हणून शेवटची बुडी आणि परतीचं विमान यांत एक अख्खा दिवस मोकळा सोडावा लागतो, तो चौकोन त्यांनी पेन्सिलीनं काळा केला होता. प्रवालांची चित्रं मी पाहायची आणि आकडेमोड हे करायचे. आमचं लग्नापासून असंच चाललेलं.

जानेवारीत तिकडच्या डायव्हिंगवाल्यांनी प्रकृतीचा फॉर्म पाठवला. प्रश्नच प्रश्न. यांनी पेन उचललं आणि वरपासून खालपर्यंत सरसर 'नाही' लिहीत सुटले. कानाच्या त्रासाच्या प्रश्नासमोरही 'नाही'. ते पाहताना माझ्या लक्षात आलं, दिवाळीपासून हे फोन उजव्याच कानाला लावतात. आधी कधी लावत नसत.

"डाव्या कानाले काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. जरा दडा बसल्यासारखा वाटते."

"कधीपासून?"

पेनाचं टोपण लावत हे म्हणाले, "गोव्यात, तिसऱ्या बुडीत. खाली जाताना कान मोकळाच होत नव्हता. मग आत टक् झालं आणि सगळं गरगर फिरलं."

"वर काहून नाही गेले? मले खूण काहून नाही केली?"

"केली ना. हात हलवला, कान दाखवला. तू समोर होती. मासे पाहून राहिली होती. मले वाटलं, जाऊ दे, थांबन थोड्या वेळानं."

पाण्याखाली दर थोड्या वेळानं जोडीदाराकडे पाहायचं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकून घोकून शिकवलं होतं. मी मागं वळलेच नव्हते. ती बुडी माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर अर्धा तास, असं मी भंडाराभर सांगत फिरले होते, आणि त्याच अर्ध्या तासात माझा नवरा माझ्यामागे चार हातांवर चक्कर आवरत होता.

पुढच्या शनिवारी आम्ही नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. पडद्याला बारीक भोक राहिलं होतं. "आपोआप भरलं तर ठीक, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात छोटं ऑपरेशन करू," डॉक्टर म्हणाले. "विमानानं खुशाल जा, पण यंदा डोकं पाण्यात घालायचं नाही."

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "अंदमान रद्द."

"तू जा ना."

"जोडीशिवाय?"

"तिथे शिकवणाऱ्या बाई राहतात सोबतीले."

मी ऐकलं नाही. आठवडाभर वही मिटलेलीच राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी हे वाटेत आसगावला उतरले आणि सासूबाईंना घेऊनच घरी आले. त्या गावी एकट्या राहायच्या, धानाची शेती बघायच्या. पिशवीतून तांदूळ आणि वाळवलेली बोरं काढून ठेवत त्यांनी सरळ विषयालाच हात घातला.

"तू काहून रद्द करून राहिली?"

"आई, हे नाही उतरू शकत. मी कशी जाऊ?"

"हा वर नावेत बसन. मी त्याच्यासंग बसतो."

"तुम्ही?"

"काहून? समुद्र काय चावते मले? सारी जिनगी धान रोवण्याच्या चिखलात उभी राहिलो. आता जरा साफ पाणी पाहू दे."

हे हसायला लागले. हसता हसता वही काढली आणि खोडरबर शोधू लागले. त्या संध्याकाळी अख्खं वेळापत्रक नव्यानं आखलं गेलं. लांबची होडी कटाप, सकाळच्या बुड्या दोनाऐवजी एक, आणि आईंसाठी दुपारची झोप.

मेमध्ये आम्ही तिघं गेलो. पहिल्या दिवशी आईंना होडी लागली आणि त्यांनी समुद्राला आसगावच्या भाषेत जे ऐकवलं, ते तमिळ नावाड्यालाही नीट कळलं असावं. दुसऱ्या दिवसापासून त्या लिंबू नाकाशी धरून काठाला टेकून बसल्या. मी तिथल्या प्रशिक्षक बाईंबरोबर चार बुड्या घेतल्या. रंगीत मासे पाहिले, एक म्हातारं कासव पाहिलं, पण दर थोड्या वेळानं मान वळवून त्या बाईंकडेही पाहिलं. वर आले की हे आधी खोली विचारायचे, मग मिनिटं, आणि वहीत लिहायचे. त्यांचा चेहरा मी पहिल्या दिवशी चोरून न्याहाळला होता. हेवा नव्हता. थोडी हुरहूर होती, आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

पुढच्या हिवाळ्यात ऑपरेशन झालं, कान बरा झाला. पुन्हा उतरायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मीही विचारत नाही.

अंदमानहून गावी परतल्यावर आसगावच्या बुद्धविहारात बायकांनी आईंना घेरलं होतं. सून पाण्यात गडप झाली तेव्हा जीव घाबरला नाही काय, एकीनं विचारलं.

"घाबरला ना," आई म्हणाल्या. "पण बुडबुडे येत राहत वर. मी त्या बुडबुड्यांवरच नजर ठेवून बसलो होतो. म्हटलं, येऊन राहिले ना, मग सून हाय खाली."