ठेवणीतल्या चुका

ब्लॉग सुरू केला तेव्हा माझी समजूत अशी होती की आपण लिहायचं आणि लोकांनी वाचायचं. पहिले काही महिने मी लिहीत होतो आणि वाचत होती एकटी बायको, तीही मी समोर बसून राहिलो तरच. वाचून झालं की फोन परत देत म्हणायची, "बरं आहे. आता सिलिंडरचा नंबर लावा."

मी मूळचा वर्धेकडचा. नोकरीसाठी पुण्यात आलो, खडकीच्या एका कारखान्यात हिशेब विभागात चिकटलो, बिबवेवाडीत घर घेतलं. लग्न केलं तेही इथल्याच मुलीशी. मला राग लवकर येतो आणि तो बाहेर काढायला ऑफिसात वाव नाही, घरात तर त्याहून नाही. म्हणून ब्लॉग. रविवारच्या भटकंतीवर लिहायचं, खाण्यापिण्यावर लिहायचं, रिक्षावाल्यांवर लिहायचं. लिहून मोकळं वाटायचं, पण वाचकांचा आकडा काही हलत नव्हता. दुकान उघडून बसलोय आणि समोरून लोक मान वळवूनही न बघता चाललेत, तसं वाटायचं.

मग मी ठरवलं की लोक आपल्याकडे येत नसतील तर आपण लोकांकडे जावं. इंटरनेटवर मराठी माणसांनी गप्पा मारायला, वाद घालायला जागा करून ठेवल्या आहेत. त्यातल्या एका जुन्या संकेतस्थळावर मी सभासद झालो. तिथं चर्चेला धागा म्हणतात. देशोदेशीचे सभासद आहेत, पण कारभार पुणेकरांच्या हातात आहे हे पाचच मिनिटांत कळतं. मी पहिल्याच दिवशी एक धागा काढला, त्यात ब्लॉगची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'जरूर वाचा.'

थोड्याच वेळात उत्तर आलं: 'का?'

एवढंच. उत्तर देणाऱ्या सभासदानं नावाच्या जागी नुसतं एक टिंब ठेवलं होतं. सगळे त्यांना टिंबकाका म्हणत. वय, शिक्षण, पेठ, कशाचाच पत्ता नाही, पण ते निवृत्त आहेत आणि सकाळी लवकर उठतात याबद्दल कुणालाही शंका नव्हती. मागोमाग त्यांनी मला नियम समजावला. नुसती लिंक टाकून पळून जाऊ नये. लेखाचा थोडा भाग इथं द्यावा, लिंक तळाशी ठेवावी, आणि त्याआधी इतरांच्या चार ओळी वाचून त्यावर काही बोलावं. 'ही भिंत आहे, पण पोस्टर लावायची नाही,' असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

मला इतका राग आला की मी जेवताना बायकोला ते दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. लग्नात जाऊन कोणी आधी आहेराची चौकशी करतं का?"

मग मी रीतसर लागलो. लोकांच्या कविता वाचल्या. मांजराला जुलाब झाले तर काय करावं या धाग्यावर सहानुभूती व्यक्त केली. पाणी कधी येणार, नव्या पुलाखाली पाणी का साचतं, दिवाळीची चकली का मोडते, सगळीकडे हजेरी लावली. आणि मग धरणावरच्या एका रविवारबद्दलचा लेख टाकला, भाजलेलं कणीस, भिजलेले बूट वगैरे. त्यात मी सहज लिहून गेलो की खडकवासला धरण मुळा नदीवर आहे.

आजवर माझ्या लिहिण्याला कधी एवढी माणसं जमली नव्हती. पहिले अर्थातच टिंबकाका. 'खडकवासला मुठा नदीवर आहे. ती अजूनही तिथंच आहे, आज सकाळी पाहून आलो.' मग दुसऱ्यानं मुळेचा उगम सांगितला, तिसऱ्यानं दुसऱ्याचं भूगोलाचं ज्ञान काढलं, एकीनं अमेरिकेतून विचारलं की हल्ली शाळेत नेमकं शिकवतात तरी काय. दिवसभर धागा वर तरंगत राहिला. संध्याकाळी ब्लॉगचा आकडा पाहिला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

तेव्हा मला या गावाची किल्ली सापडली. इथं चांगलं लिहिलंत तर लोक मान डोलावून पुढं जातात. चुकीचं लिहिलंत तर कामधंदा सोडून येतात. यात दुष्टावा काही नाही. रस्त्यात केळीचं साल दिसलं की काही लोक ते उचलल्याशिवाय पुढं जाऊच शकत नाहीत, तितकंच ते. चूक दिसल्यावर गप्प बसणं त्यांना जमत नाही, आणि मला वाचक हवे होते.

त्यानंतर प्रत्येक लेखात मी एक चूक जपून ठेवू लागलो. फार मोठी नाही, नाहीतर लोक वेडा समजून सोडून देतात. फार लहान नाही, कारण दिसायला तर हवी. उपवासाच्या साबुदाणा खिचडीत मी हळद घातली आणि दोन दिवस ब्लॉग धगधगत राहिला. लोकलच्या प्रवासात खडकीनंतर थेट कासारवाडी आणली, तर एका गृहस्थांनी विचारलं, 'मधली दापोडी आपण विकून खाल्लीत काय?' मी नम्रपणे आभार मानायचो, दुरुस्ती करायचो, आणि आकडा बघून मनातल्या मनात टाळी वाजवायचो. कोणती चूक कुठं बसेल हे ठरवण्यात मला लेखापेक्षा जास्त मजा येऊ लागली होती.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, पण तुम्हाला वाचक हवेत की परीक्षक?"

मी म्हटलं, फरक काय पडतो? ती भाजी निवडत राहिली. पुण्याची माणसं गप्प बसतात तेव्हा समोरच्यानं सावध व्हावं, पण मी झालो नाही.

मग मी आईवर लेख लिहिला. आई गावाकडे ताईजवळ असते, आता बरीच थकली आहे. ती तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती, वडील बाहेरगावी नोकरीला. मी शाळेत जायला पहाटेची एसटी पकडायचो आणि आई मला डबा करून द्यायची. डब्यात तीन पोळ्या माझ्या असत आणि खाली, चौघडी करून ठेवलेली, चौथी. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला डबा नसायचा, त्याच्यासाठी. त्याबद्दल घरात कधी शब्दही निघाला नाही. मी मागितली नव्हती, तिनं विचारलं नव्हतं, पोळी रोज असायची. हे लिहिताना माझे डोळे भरून आले. हा लेख लोकांनी वाचावा असं मला मनापासून वाटत होतं, आधीच्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त. म्हणून यात मी चूक ठेवली नाही.

दोन उत्तरं आली. एकानं लिहिलं, 'छान.' दुसऱ्यानं लिहिलं, 'पुलेशु,' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, पण तेवढं लिहायलाही ज्याला वेळ नाही त्याच्याकडून. दुपारपर्यंत धागा खाली घसरला आणि त्याच्यावर मिक्सर कोणता घ्यावा ही चर्चा येऊन बसली.

मिक्सरखाली माझी आई! मला ते सहन झालं नाही. मी लेख पुन्हा उघडला. आईला हात लावायचा नाही एवढं पथ्य पाळलं आणि शाळेच्या वाटेवर एक ओळ वाढवली: श्रावणातल्या त्या सकाळी आम्ही दोघं मित्र शेतातल्या तुरीच्या हिरव्या शेंगा तोडून खायचो.

श्रावणात तूर गुडघ्याएवढी असते. शेंगा यायला थंडी पडावी लागते. हे मला माहीत होतं आणि विदर्भातल्या प्रत्येक सभासदालाही माहीत होतं. लोक तुटून पडले. टिंबकाकांनी विचारलं, 'ही तूर कुठल्या ग्रहावरची?' एकानं पेरणीपासूनचं वेळापत्रक मांडलं. तिथून गाडी तुरीच्या ओल्या दाण्यांच्या सोलेभातावर गेली, त्यात वांगं घालावं की नाही यावरून अमरावती आणि नागपूर यांच्यात कायमचं बिनसलं. धागा दोन दिवस पहिल्या क्रमांकावर होता. मी सगळी उत्तरं वाचली. आईचं नाव कुणी काढलं नव्हतं, पोळीचंही नाही.

रविवारी दुपारी ताईचा फोन आला. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती माझा ब्लॉग वाचते हेही मला माहीत नव्हतं.

"तू तं लेख लिहिला आईवर," ती म्हणाली.

"तुरीचं ना? मुद्दाम लिहिलं ते, ताई."

"तुरीचं सोड रे. डबा आईनं कुठं केला? आईची तं तेव्हा नाईट राहे. ती घरी यायच्या आधी तुझी एसटी निघून जाये. डबा मी करत होती."

मी विचारलं, "अन् चौथी पोळी?"

"तीबी मीच. त्या पोराचं तूच सांगितलं होतं ना मले."

मला काहीच आठवत नव्हतं. चुलीचा उजेड आठवत होता, पाठमोरी बाई आठवत होती. ती बाई पंधरा वर्षांची होती हे आठवत नव्हतं. मी म्हटलं, "आत्ताच बदलतो, ताई. पाच मिनिटं दे."

"नको," ती म्हणाली. "आईले वाचून दाखवलं मी. खूप रडली. म्हणे, हो, मले माहीत होतं त्या पोराचं, म्हणून टाकत होती मी एक जास्तीची. आता तिले तसंच आठवते. दिवसभर खुश होती. राहू दे तसंच."

मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अन् तू काय नेत होती डब्यात?"

ती हसली. "त्या वर्षी मी कुठं शाळेत होती रे?"

ताईनं दहावी मैत्रिणींच्या एक वर्ष मागून दिली हे मला लहानपणापासून माहीत आहे. का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी लेखातली तुरीची ओळ काढली आणि रिवाजाप्रमाणे खाली तशी नोंद केली. लगेच टिंबकाकांचं उत्तर आलं. 'दुरुस्तीबद्दल आभार. आता लेखात एकही चूक राहिलेली नाही.' त्याखाली आणखी काही जणांनी सहमती नोंदवली. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, पण कुणाचा ते सांगता येईना. उत्तराच्या चौकटीत मी ताईबद्दल सगळं लिहून काढलं. एकदा वाचलं. मग ते सगळं पुसलं आणि 'धन्यवाद' एवढंच पाठवलं.