काळ्या गारेची कपची

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बोलायला तसं माणूस तरी कुठं होतं? तुम्ही आलात, निवांत बसलात, म्हणून जीभ उचलतेय. मध्येच गप्प झालो तर होऊ द्या.

सोलापूरला भवानी पेठेत एका खोलीत मी एकटा राहायचो. शाळेत शास्त्र शिकवायचो. आजूबाजूला विणकरांचे माग, दिवसभर खटखट आणि बोलणं सगळं तेलुगूत. माणसं चांगली, सणासुदीला ताट पाठवत. पण मला त्यांची भाषा येईना, आणि माझ्या वेडाचं त्यांना हसू येई. वेड म्हणजे दगड! रविवारी सकाळी खिडकीतल्या उन्हाकडे सूक्ष्मदर्शकाचा आरसा वळवायचा आणि दगडाच्या कपच्या बघत बसायचं.

त्याचं कौतुक एकाच माणसाला होतं. बापूसाहेब — पुण्याला कॉलेजात असताना माझे प्रोफेसर, आता निवृत्त. दोन-तीन महिन्यांनी त्यांचं कार्ड यायचं, चार ओळींचं. त्या चार ओळी मी किती वेळा वाचायचो हे सांगायला आजही लाज वाटते.

एकदा मोहोळजवळच्या ओढ्याकाठी हिंडत होतो. बिरू नावाचा धनगर बाभळीखाली चकमकीवर चिलीम पेटवत होता. त्यानं लोखंडावर गार मारली आणि ठिणगीबरोबर एक कपची माझ्या पायाशी उडाली. आपल्याकडची गार, म्हणजे गारगोटी, पांढुरकी. ही काळी, मेणचट. कुठली म्हणून मी विचारलं.

"ही हितली न्हाय, मास्तर. आज्याच्या बंदुकीतली हाय, ठिणगी पाडायची. गोऱ्यांच्या पलटणीतनं आणल्याली. न्या की कपची, लई उडत्यात असल्या."

मी हे ऐकलं. नीट ऐकलं — ऐकू आलं नाही असं मला कधीच म्हणता येणार नाही.

घरी येऊन कपची तेलात बुडवून भिंगाखाली धरली आणि — काय सांगू तुम्हाला! आत एक कवच होतं. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही एवढं. समुद्राच्या पाण्यात तरंगणारे एकपेशी जीव असतात. त्यांतला एखादा स्वतःभोवती कवच करून आत निजून राहतो, त्यातलं ते. अंग गोल, किंचित लांबट. कमरेला आडवी खाच. साल बारीक दाणेदार. अंगभर पोकळ काटे, टोकाला कर्ण्यासारखे फुललेले. एका बाजूला कोपऱ्याकोपऱ्यांची खिडकी — झाकण पडलं आणि आतला जीव निघून गेला, तिथली. असली कवचं विलायतेच्या खडूच्या थरांतल्या गारांत सापडतात, हे मला ठाऊक होतं. पण पुस्तकातल्या चित्रांत काटे सुटे होते. माझ्या कवचाचे काटे बुडाशी दोन-दोन चिकटलेले, आणि खालच्या टोकाचा एकच काटा दुप्पट लांब. म्हणजे जात नवी! हे सगळं मी बापूसाहेबांना लिहून पाठवलं, आणि ते खरं होतं. त्या वर्णनातला एक शब्दही मी आज बदलणार नाही.

शेवटची ओळ सोडून. तिथं मी लिहिलं — स्थळ, मोहोळजवळचा ओढा.

का लिहिलं? बंदुकीतली गार म्हटलं असतं तर "छान, चालू दे" एवढंच कार्ड आलं असतं. ओढ्यातली म्हटल्यावर आठव्या दिवशी सहा पानांचं पत्र आलं. लाव्हारसातून झालेल्या आपल्या या काळ्या दगडाच्या मुलखात समुद्राचा जीव! मग दर आठवड्याला पत्र. खाच किती खोल, काटे मोजलेस का, दगड कुठे आहे? दगड नाही, कपचीच होती, असं मी कळवलं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी — वेळेवर जेवतोस ना? मला हे विचारणारं दुसरं कोण होतं हो?

ते चैत्रात स्वतः आले. पासष्टी उलटलेली, नजर अधू. तीन दिवस हातोडी घेऊन त्या कोरड्या ओढ्यात दगड फोडत राहिले, आणि मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा. तळहाताला फोड आले तरी म्हणायचे, "उद्या सापडेल बघ." तीन दिवसांत किती वेळा तोंड उघडलं मी — आणि पाणी हवंय का, एवढंच विचारलं.

पुढे पुण्याच्या एका सभेत त्यांनी निबंध वाचला. सोलापूरच्या मुलखावर कधीकाळी समुद्र होता, असा. एकानं उठून विचारलं, हा विलायती बंदुकीच्या गारेचा तुकडा नाही कशावरून? बापूसाहेब ताडकन म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं उचललाय. तो खोटं बोलणार नाही."

लोक हसले. मी मागच्या बाकावर होतो. उठलो नाही. भित्रा होतो मी, दुसरं काय?

त्यानंतर त्यांचं लेखन कुणी छापेना. ओळखीचे लोक त्यांना समुद्रवाले म्हणून चिडवू लागले. तरी वर्षभर त्यांनी मला काही विचारलं नाही. मग एक कार्ड आलं, एका ओळीचं: तो दगड ओढ्यातलाच ना रे?

इथवर तुम्ही म्हणाल, एकटा माणूस होता, मोहात पडला. पण आता पुढचं ऐका. पोस्टमन दारात उभा होता. मी त्याला थांबवलं, कोरं कार्ड घेतलं आणि उभ्या-उभ्याच लिहिलं — हो, ओढ्यातलाच. विचार करायलाही वेळ लागला नाही.

त्यांचं शेवटचं पत्र आलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. अक्षर थरथरतं. लिहिलं होतं — लोकांच्या बोलण्यात येऊन तुझ्यावर संशय घेतला. म्हाताऱ्याला माफ कर.

आणि मी त्यांना उलट टपाली कळवलं, की मनाला लावून घेऊ नका, मी तुम्हाला माफ केलं आहे.