इंजिनाला लावलेलं कुंकू

खंडेनवमीला माझ्या माहेरी एकही अवजार हळद-कुंकवावाचून राहत नसे. नांगर, वखर, विळा, कुऱ्हाड, फार काय, अडकित्तासुद्धा. नांगराला वरून बोट टेकवलं की झालं, असंही चालत नसे. जिथे जिथे जोड असेल तिथे तिथे टिळा लागला पाहिजे, असं आई बजावायची. ही शिकवण गाठीला बांधून मी कुरुंद्याजवळच्या सासरी आले, आणि तिथे दारात मोटार होती.

मोटार सासऱ्यांनी घेतलेली. सासरे वारले, मोटार राहिली आणि ती चालवणारे चाचाही राहिले. चाचा म्हणजे आमचे म्हातारे मुसलमान ड्रायव्हर. लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी पेट्रोल मिळायची मारामार होती, म्हणून गाडी बहुतेक वेळ छपरात झाकून ठेवलेली असायची. त्या नवमीला मी चाचांना बॉनेट उघडायला लावलं. ते म्हणाले, चाकाला लावा, दिव्याला लावा, आत कशाला? मी म्हणाले, देवीला अर्धी पूजा चालत नाही. एकोणीस वर्षांची होते आणि सगळं मलाच कळतं अशी माझी खात्री होती. कुंकू घरचंच, हळदीत टाकणखार आणि लिंबाचा रस घालून केलेलं. ते पाण्यात चांगलं घट्ट कालवलं आणि इंजिनात जे जे टोक दिसलं, जी जी वायर जिथे बसली होती, तिथे तिथे पाच बोटं उठवली. चाचा बाजूला उभे राहून बघत होते. सुनेला दोनदा टोकणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी यजमानांच्या पोटात दुखायला लागलं. पुरण बाधलं म्हणून सासूबाईंनी ओवा आणि हिंग दिला. सकाळी, ऐन दसऱ्याला, उजव्या कुशीला कापडाचा स्पर्शही त्यांना सोसेना. गावच्या वैद्यांनी हात लावला आणि लगेच काढून घेतला. म्हणाले, नांदेडला न्या, कापावं लागेल, आणि आजच न्या. घरात दुसरं पुरुषमाणूस नव्हतं. सासूबाई घटापाशी बसल्या त्या उठेनात. मी मागच्या सीटवर बसले, यजमानांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चाचांनी गाडी काढली.

वसमत मागे पडेपर्यंत गाडी बरी चालली. पुढे एका ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. चाचांनी हळूच गाडी घातली, पण पाणी उडालंच. वर चढलो आणि इंजिनाचा एक ठोका चुकला. मग दुसरा. गाडी आचके द्यायला लागली, आणि प्रत्येक आचक्याला यजमान दात खाऊन कण्हायला लागले. मी पुढच्या आचक्याची वाट बघत श्वास धरून बसायची. चढाच्या मध्यावर गाडीतलं बळच सरलं. चाचांनी ती कडेला घेतली.

"मिस मारून राहिली," ते म्हणाले. "पाणी गेलं असंल."

त्यांनी वायरी पुसल्या. काही फरक पडला नाही. मग पेट्रोलात घाण आली असेल म्हणून नळी सोडून फुंकली, कार्बोरेटर उघडून गाळ झटकला. त्यानेही काही झालं नाही. सणाचा दिवस, रस्त्यावर बैलगाडीसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी. मनात नको ते येत होतं. गावातल्या एका तरुण विधवेला सण आला की घरचे मागच्या खोलीत बसवायचे. ती खोली मला सारखी दिसत होती.

चाचांनी हँडल मारून इंजिन तसंच लंगडत चालू केलं आणि कोरड्या फडक्याने ठिणगी पाडणाऱ्या एकेका प्लगची वायर ओढून पाहिली. पहिली काढली तसं इंजिन आणखी डगमगलं, म्हणजे तो प्लग काम करत होता. चौथ्याचंही तसंच झालं. मधल्या दोघांच्या वायरी काढल्या काय नि ठेवल्या काय, आवाज तोच. त्यांनी प्लग अदलून बदलून लावले, तरी मधलेच दोन मुके. मग माझ्याकडून घोंगडी मागून घेतली, बॉनेटवर अंधार होईल अशी पांघरली आणि आत डोकं घातलं. बाहेर आले ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, बाई, तुमीच बघा.

मी घोंगडीखाली डोकं घातलं. चारी प्लगना करंट वाटून देणारी एक काळी टोपी असते, तिच्यातून वायरी निघतात. त्या टोपीवर माझी पाच बोटं ओली होऊन लाल चकाकत होती, आणि निळी ठिणगी प्लगकडे जायचं सोडून त्या बोटांवरून मुंगीसारखी पळत होती. खार आणि पाणी. देव भावाचा भुकेला असेल, इंजिन नसतं. नवऱ्याला मरणाच्या वाटेवर मीच अडवून ठेवलं होतं, आणि तेही पूजा करून.

चाचांनी इंजिन बंद केलं आणि फडकं पेट्रोलात बुडवलं, पण ते हातातच धरून ठेवलं.

"हे तुमचं कुंकू हाये," ते म्हणाले. "सणाच्या दिशी मी पुसलं अन् मालकाला काई झालं, तर गाव मला काय म्हणंल? अन् माझं मन मला काय म्हणंल?"

मला त्यांचा राग आला, आणि फडकं घ्यायला माझाही हात पुढे होईना. नवरा मागे तळमळतोय, आणि मी स्वतःच्या हाताने कुंकू पुसायचं? आज तुम्ही हसाल. मी हसू शकत नाही. मी देवीला म्हटलं, दुसरं काहीही माग.

तेवढ्यात यजमानांचं कण्हणं थांबलं. मी धावत गेले. त्यांनी डोळे उघडून सांगितलं, दुखायचं राहिलं, बरं वाटून राहिलंय. मला वाटलं देवी पावली. पुसायची गरजच उरली नाही, ओलं आहे ते आपोआप वाळेल, सावकाश परत जाऊ. मी तसं चाचांना म्हणालेसुद्धा. चाचांनी यजमानांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं आणि घामाने चिंब.

"माझा भाऊ असाच शांत झाला व्हता," ते हळू आवाजात म्हणाले. "सांजेला गेला."

मी त्यांच्या हातून फडकं हिसकावून घेतलं. आधी टोपी पुसली. वायर न् वायर पुसली. प्लगच्या पांढऱ्या मानेवरचं लाल निघेना, तिथे पदर पेट्रोलात बुडवून घासलं. घासताना काय काय बोलत होते ते आठवत नाही, पण ती प्रार्थना नव्हती, शिव्याच असाव्यात. जोड एकही सोडला नाही. चाचांनी हँडल मारलं आणि इंजिन एका दमात सुरू झालं. चारी ठोके सारखे पडत होते. वाटेत यजमान एकदाही कण्हले नाहीत. प्रत्येक मैलाला मी त्यांच्या नाकाशी बोट धरून बघत होते.

नांदेडच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि विचारलं, दुखायचं कधी थांबलं? मी सांगितलं. त्यांनी यजमानांना लगेच आत कापायच्या खोलीत नेलं. मला बाहेरच्या ओसरीत बसवलं. माझ्या पदराला पेट्रोलचा वास येत होता आणि नखांत कुंकू भरलेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्या बाया माझ्या हातांकडे बघायच्या, म्हणून मी हात पदराखाली लपवले. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं. मग डॉक्टर बाहेर आले. बाईमाणसाशी काय बोलायचं म्हणून, की काय, ते लांब उभ्या असलेल्या चाचांकडे गेले आणि उर्दूत काहीतरी बोलले. चाचांनी डोक्याचा रुमाल काढला, तोंडावर धरला आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचे खांदे हलत होते.

मी काही विचारलं नाही. मला कळलं होतं. डावा हात उचलला आणि फरशीवर आपटला. दोन बांगड्या फुटल्या. पुन्हा उचलला तेव्हा चाचा धावत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, मालक शुद्धीत आले, पाणी मागून राहिले," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणते, थेंबबी देऊ नका. कोनाचं ऐकंनात. तुमी चला, तुमी समजवा त्यायला."